घड्याळ संकेतांच्या समकालनाच्या पद्धती आणि पेटंट अपील : परभणीच्या संशोधकाच्या दृष्टीने

प्रस्तावना :
बहुतेक अंकीय उपकरणांचे कार्य घड्याळ संकेताच्या ठोक्यांवर चालते. १ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या संकेतात दोन ठोक्यांमधील अंतर अवघे १ नॅनोसेकंद असते. तारेची लांबी किंवा तापमान यांमुळे संकेत दोन ठिकाणी मागेपुढे पोहोचला, तर माहिती चुकीची वाचली जाते. ही तफावत दूर करणे म्हणजे समकालन होय. ‘फेज-लॉक्ड लूप’ हे मंडल संदर्भ संकेत व स्थानिक संकेत यांतील कलांतर मोजून स्थानिक दोलकाची गती सतत दुरुस्त करते. परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात शेतातील अनेक संवेदकांच्या नोंदी जुळवावयाच्या असल्यास त्यांच्या घड्याळांचाही असाच मेळ आवश्यक ठरतो.

कायद्यातील अडचण :
पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) नुसार गणितीय पद्धती, व्यवसायपद्धती, केवळ संगणक प्रोग्रॅम व अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. समकालनात गणना असतेच. त्यामुळे अर्ज या कलमाखाली नाकारला जाण्याचा संभव असतो. तथापि फेरीद अल्लानी प्रकरणात (२०१९) दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तांत्रिक परिणाम वा तांत्रिक योगदान दाखविणारा शोध केवळ संगणक प्रोग्रॅमवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येत नाही.

अपिलाचा मार्ग :
महाराष्ट्रातील अर्जदारासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय हे समुचित कार्यालय आहे. कलम १५ खाली अर्ज नाकारला गेल्यास कलम ११७ए नुसार तीन महिन्यांत अपील करता येते. न्यायालय मुदत वाढवूनही देऊ शकते. २००७ पासून ही अपिले बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झाले व अधिकार उच्च न्यायालयांकडे आले. त्यामुळे मुंबई कार्यालयाच्या आदेशाविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयात दाखल होते.

अपिलाचा पाया :
कलम ५९ नुसार मूळ विनिर्देशात नसलेली बाब दुरुस्तीद्वारे नंतर घालता येत नाही. म्हणून ‘कलांतराची सरासरी काढणे’ एवढेच लिहिणाऱ्याचे अपील दुबळे ठरते. याउलट, त्या सरासरीने मंडलातील विलंब कसा बदलतो व वाचनातील चुका कशा घटतात, हे मोजमापांसह मांडणाऱ्यास ठोस आधार मिळतो.

निष्कर्ष :
अपिलाचे यश बहुतांशी न्यायालयातील युक्तिवादापूर्वीच, पहिल्या विनिर्देशात निश्चित होते. ग्रामीण भागातील महाविद्यालयीन संशोधकांनी प्रयोगवहीतील मोजमापे अर्ज करतानाच विनिर्देशात समाविष्ट करणे हितावह आहे.