‘आलो की बे!’ आणि त्याचे इंग्लिश चुलते

सोलापुरात मित्र फोनवर ‘आलो की बे!’ म्हणाला, की अनुभवी माणूस आणखी एक चहा सांगतो. सोलापूरकरांना उगाच बोल लावू नका. ‘लगेच’ सांगणारे शब्द सगळीकडेच सैलावतात.

इंग्लिशमधलं जुनं क्रियाविशेषण ‘अनॉन’ घ्या. त्याचं मूळ जुन्या इंग्लिशमधलं ‘ऑन आन’, शब्दशः ‘एकात’. अर्थ तत्क्षणी! पुढे ते घसरत ‘थोड्या वेळानं’वर आलं. ‘सून’ची गतही तीच: हजार वर्षांपूर्वी ‘ताबडतोब’, आज ‘बघू, लवकरच’. शेक्सपिअरनं ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात यावर धमाल उडवली आहे. गुत्त्यातला पोऱ्या फ्रान्सिस याला राजपुत्र हॅल मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, आतून हाकांवर हाका येतात आणि बिचारा ‘अनॉन, अनॉन’ करत जागीच उभा! सोलापूरच्या कुठल्याही हॉटेलात हा प्रवेश बिनतालमीचा होईल.

या ‘आन’चं गोत मोठं आहे. ‘वन’ त्यातलाच, ‘ओन्ली’ही, आणि ‘अलोन’ तर मुळात ‘ऑल वन’.

आपल्या ‘एकदम’ची घडणही अशीच. फारसीत ‘यक दम’ म्हणजे एक श्वास. ‘जरा’ अरबी ‘जर्रा’वरून आला, म्हणजे कण. ‘खूप’ हा फारसी ‘खूब’, म्हणजे छान. तेव्हा ‘खूप छान’ म्हणणारा मुळात ‘छान छान’च म्हणत असतो.

अस्सल जुनं मराठी हवं तर ‘झडकरी’. संस्कृत ‘झटिति’ आणि आपलं ‘झट’ यांच्याच घरातलं. बोलण्यातून गेलं, अभंगांत राहिलं. आणि सोलापूर जिल्ह्यात तर ते पायांनीही बोलतात: ज्ञानोबांच्या पालखीबरोबरचे वारकरी वेळापूरजवळ विठ्ठलभेटीच्या ओढीनं उतारावरून धाव घेतात. तिथे ‘आलो की’ म्हणून कुणी चहा पीत बसत नाही.

माझा लाडका मात्र ‘हळू’. संस्कृत ‘लघु’चं प्राकृतात ‘लहु’ झालं, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि ‘हलु’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीसाठी सूत्रच लिहून ठेवलं. वजनाला हलका या अर्थाचा इंग्लिश ‘लाइट’ हा याच ‘लघु’चा दूरचा भाऊ. फुप्फुसाचा ‘लंग’सुद्धा, कारण तो हलका अवयव!