शंभरातल्या तेवीस जणी

भाद्रपद वद्य नवमी. कराडच्या आमच्या घरात सकाळपासून स्वयंपाकाची घाई चालली आहे. एका शेगडीवर खीर आटतेय, दुसरीवरची कढी उतू जाऊ नये म्हणून मी पळी धरून उभी आहे. गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा चिरून वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवलेत. आत्याबाई पाटावर बसून आळूच्या पानांच्या शिरा लाटण्यानं चेपतायत. आज अविधवा नवमी, अहेवपणी गेलेल्या बाईची तिथी. धाकटीचं वर्षश्राद्ध झालं आणि ही तिथी या घरात यंदा पहिल्यांदा आली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. छत्तिसावं लागायच्या आत गेली.

"सोन्यासारखी पोर," आत्याबाई म्हणतात, "पण अंगावर काढलं गं तिनं. वेळेत दाखवलं असतं तर आज इथं बसून वडे थापत असती."

दारात तिची आठ वर्षांची लेक ओल्या फडक्यानं केळीची पानं पुसतेय. तिचा हात थांबतो. मान वर करत नाही, पण ऐकतेय.

हे वाक्य मी दहाव्याला ऐकलं, तेराव्याला ऐकलं, मंडईत भाजी घेतानाही ऐकलं. त्याच्या पाठोपाठ बाकीचीही येतात. दूध लवकर तोडलं असेल. काळे आतले कपडे घालायची. शाळेत पोराचा धक्का लागला होता. धक्क्यानं किंवा कपड्याच्या रंगानं कर्करोग होत नाही, आणि दूध तर तिनं लेकीला दीड वर्ष पाजलं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हे मला कळतं. कारण सापडलं की जिवाला धीर येतो: तिनं चूक केली म्हणून तिला झालं, आपण करणार नाही, आपल्याला होणार नाही. पण या हिशेबात गेलेल्या बाईवर एक आरोप उभा राहतो, आणि उत्तर द्यायला ती नसते.

अंगणातून हाक येते. आजची सवाष्ण आली. सासूबाई स्वतः पायांवर पाणी घालायला बाहेर जातात. शेजारच्या तालुक्यातली ही बाई चाळिशी ओलांडलेली, सावळी, अंगानं भरलेली. डोक्यावर दाट कुरळे केस. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डोक्यावर एक केस नव्हता. दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही शेजारी शेजारी राहिलो. ती, तिचा नवरा, धाकटी आणि मी. सवाष्ण कुणाला सांगायची असा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनीच हिचं नाव काढलं. "तिच्या शेजारी जेवलेली बाई आहे ती," एवढंच म्हणाल्या.

ती आत येते, ओट्याला टेकून उभी राहते, वड्यांच्या पिठाकडे बघते. "ताई, मी थापू का दोन?" मी नको म्हणते. तिचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला आहे. बगलेतल्या गाठी काढल्या की कधीकधी हातातलं पाणी वर चढत नाही, तिथेच साठतं. त्या हाताला चटका बसलेलाही चालत नाही.

ती बोलायला लागते आणि मला परळ दिसायला लागतं.

कोयना एक्स्प्रेस संध्याकाळी दादरला लागते. धाकटीच्या खांद्याला पिशवी, पिशवीत दोनशे पानी वही. सकाळी टाटा मेमोरियलच्या दारात गर्दी: बंगालीतून, भोजपुरीतून, तेलुगूतून बोलणारी माणसं, प्रत्येकाच्या हातात फाईल. 1941 पासून हे दार उघडं आहे. धाकटी बाकावर जागा धरते आणि अहवाल वाचायला घेते, पेपर तपासावेत तसा, ओळीवर बोट ठेवून.

स्तनाच्या गाठीत तीन खुणा शोधतात. इस्ट्रोजेनची, प्रोजेस्टेरॉनची आणि हर-टू या प्रथिनाची. खूण सापडली की तिच्यावर नेम धरून औषध देता येतं. आमच्या या सवाष्णीच्या गाठीत इस्ट्रोजेनची खूण सापडली, म्हणून ती आजही रोज रात्री टॅमॉक्सिफेनची गोळी घेते. धाकटीच्या कागदावर तिन्हींपुढे एकच शब्द आहे, निगेटिव्ह. ट्रिपल निगेटिव्ह. खाली ग्रेड 3. त्याखाली के-आय-67, 80 टक्के. म्हणजे गाठीतल्या शंभर पेशी घेतल्या तर त्यातल्या ऐंशी वाढायच्या कामाला लागलेल्या. जगभरात स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत असे दहा ते पंधरा. आपल्याकडे हे प्रमाण जास्त दिसतं, आणि त्यात तरुण बायका अधिक.

डे-केअरमध्ये खुर्चीच्या शेजारी लाल औषधाची सिरिंज येते. सगळे तिला लाल किमोच म्हणतात. त्या दिवशी लघवीही लाल होते, घाबरायचं नाही, असं परिचारिका आधीच सांगून ठेवते. धाकटी वहीत रकाने आखते: तारीख, ताप, काउंट, उलट्या, जेवण. जेवणाच्या रकान्यात कधी "अर्धी भाकरी, वरण", कधी नुसतं "पेज". लाल किमोचे चार डोस झाले की दर आठवड्याचे सुरू होतात, पॅक्लिटॅक्सेल आणि सोबत कार्बोप्लॅटिन. तिची नखं काळवंडतात. पायांना मुंग्या येतात.

हे दुसरं औषध कशाला, असं ती डॉक्टरांना विचारते. ते समजावून सांगतात. कार्बोप्लॅटिन जुनं आणि स्वस्त औषध. टाटामध्येच ट्रिपल निगेटिव्हच्या सातशेवर बायकांवर त्याचा अभ्यास झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये निष्कर्ष मांडले गेले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्या, शंभरात 66 च्या आसपास होत्या. हे औषध जोडल्यावर 77 च्या आसपास गेल्या. अकरा घरं वाचली, असं धाकटी बाहेर आल्यावर म्हणते. आम्ही जिना उतरतो. रस्ता ओलांडायच्या आधी ती थांबते.

"ताई, शंभरातल्या तेवीस जणी कुणीतरी असतातच ना? त्यांनीही सगळे डोस घेतलेलेच असणार."

मी काही बोलत नाही. ती उत्तरासाठी थांबलेलीही नसते.

गाठ विरघळते, पण पूर्ण नाही. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागात थोड्या पेशी जिवंत सापडतात. मग किरणांचा शेक, मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. गोळ्यांनी तळहात सोलतात. त्याच दिवसांत ती शाळेत परत जाते. मी एकदा डबा द्यायला जाते तर ती फळ्याशी उभी, खडूला रुमाल गुंडाळलेला, कारण उघडा खडू बोटांना सहन होत नाही. फळ्यावर मात्र अक्षर नेहमीचं, वळणदार. पहिलीची पोरं मागून ओरडतायत, आणि ती त्यांच्याकडे न वळता एकेकाला नावानं गप्प करतेय. तिला आठवायचं म्हटलं की मला ही बाई आठवते.

दुसऱ्या पावसाळ्यात कोरडा खोकला लागतो. हवा बदललीय असं आम्ही म्हणतो. ती म्हणत नाही. ती त्याच आठवड्यात छातीचा स्कॅन करून घेते. फुप्फुसांत ठिपके असतात. हा रोग परत यायचा तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांतच येतो, हे तिला ठाऊक असतं. पुढची औषधं होतात, ती थोडा वेळ मिळवून देतात. शेवटचे दिवस ती इथेच, माजघरात, लेकीची अक्षरं गिरवून घेत काढते.

"अगं, पानं वाढायची ना?" सासूबाईंच्या हाकेनं मी भानावर येते.

पान वाढलं जातं. काकबळी गच्चीवर ठेवून होतो. सवाष्ण पाटावर बसते, सासूबाई तिला कुंकू लावतात, ओटीत खण, नारळ, तांदूळ घालतात. हिरव्या बांगड्या काढून त्या हात पुढे करायला सांगतात. उजव्या हातात बांगड्या जातात. डावा हात ती पुढे करते आणि मागे घेते. "आई, यात नाही जायच्या." सासूबाई तो सुजलेला हात आपल्या हातात घेतात, कुरवाळतात, आणि उरलेल्या बांगड्याही उजव्यातच भरतात.

आत्याबाई वडा वाढता वाढता म्हणतात, "तुमचं दैव चांगलं, वेळेत गेलात. आमच्या पोरीनं अंगावर काढलं."

सवाष्ण घास खाली ठेवते.

"आत्या, अंगावर मी काढलं. आठ महिने. गाठ मला माहीत होती. कुणी काय म्हणेल म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याचा दंड हा हात आहे, आणि गेलेला स्तन आहे. लवकर गेले असते तर कदाचित दोन्ही वाचलं असतं. पण जीव वाचला, कारण माझी गाठ हळू वाढणारी होती आणि तिला गोळी लागू पडली. तुमच्या सुनेनं एक दिवस घालवला नाही. आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, पण आमचा आजार एक नव्हता."

कुणी बोलत नाही. दारातून लेक उठते, माझ्या पदराशी येते.

"मोठी आई, माझ्या आईनं उशीर केला होता?"

मी डब्यांच्या फळीवरून वही काढून तिच्या हातात देते. "तूच वाच. आईचं अक्षर तुला लागतं."

ती पहिलं पान उघडते आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचते. "सोमवार. अंघोळ करताना उजवीकडे गाठ लागली. दुखत नाही. बुधवार. डॉक्टरांना दाखवली. शुक्रवार. सोनोग्राफी. पुढचा मंगळवार. सुई घालून तुकडा काढला." ती थांबते, बोटांवर मोजते. "सोमवारी लागली नि बुधवारी दाखवली. म्हणजे दोनच दिवस."

"दोनच दिवस," मी म्हणते. "तुझ्या आईनं उशीर केला नाही. तिनं काहीच चुकीचं केलं नाही. काही गाठी फार वेगानं वाढतात. मुंबईत दीड लाख बायका घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायला यायच्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे या आजारानं होणारे मृत्यू त्यानं जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. तरुण बायकांत तसे झाले नाहीत. तरी दाखवायचं, लगेच दाखवायचं, कारण त्यातच वाचायची संधी आहे. तुझ्या आईनं ती संधी पूर्ण घेतली."

हे सगळं आठ वर्षांच्या मुलीला कळणार नाही. पण मी ते तिच्या एकटीसाठी म्हटलेलं नाही.

जेवणं आटोपतात. मी मोरीशी पातेली घासत असताना आत्याबाई मागे येऊन उभ्या राहतात. हातातला पदराचा शेव पिळतायत.

"अगं, आमच्या सूनबाईला गाठ लागलीय. महिना झाला. बाळ अंगावर पितंय, म्हणून मीच म्हटलं, दुधाची असेल, शेक. ती परत बोललीच नाही."

ती का बोलली नाही हे मला कळतं. या घरात धाकटीबद्दल काय काय बोललं गेलं, ते तिच्याही कानावर गेलेलं असणार. गाठ दाखवायची म्हणजे आधी "आत्तापर्यंत काय करत होतीस" याला तोंड द्यायचं. आपण जो दोष मेलेल्या बाईवर ठेवतो, तो ऐकून जिवंत बाई गप्प होते.

आत्याबाईंना मी एक शब्द लावत नाही. हात पुसते, फोन घेते. पलीकडून तान्ह्याचं रडणं ऐकू येतं आणि मग सूनबाईचा दबका आवाज.

"अगं, मी बोलतेय. आत्याबाईंनी सांगितलं. घाबरू नकोस, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या गाठी बहुतेक साध्याच असतात. पण साधी आहे हे सोनोग्राफीनं ठरवायचं, आपण नाही. उद्या सकाळी मी येते, बाळाला आत्याबाई सांभाळतील. आणि हे बघ, महिना का लावलास असं तुला तिथे कुणी विचारलं तर मी उत्तर देईन."

ती थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग विचारते, "किती वाजता याल, वहिनी?"

"नऊला. तयार राहा."