तात्यांच्या पिकअपला दम का लागायचा?

चढावर सायकल मारताना तुम्हाला दम लागतो. खरं की नाही? पण एखाद्या गाडीला दम लागलेला तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. एकदा नव्हे, तीनदा!

आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला तात्या राहतात. जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव, त्यामुळे तात्यांचाही टोमॅटोचा मळा आहे. त्यांच्याकडे एक डिझेलवर चालणारी पिकअप आहे, वीस वर्षांहून जुनी. त्यांची धाकटी लेक गेल्या वर्षी माझ्याच चौथीच्या वर्गात होती. आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. पुढे पाचवीला चार किलोमीटर लांबच्या शाळेत जायचं, म्हणून तात्यांनी तिच्या सायकलीचे पैसे कपाटात वेगळे ठेवले होते. हे पैसे लक्षात ठेवा बरं का, पुढे ते येणार आहेत.

आषाढातली गोष्ट. केंद्रशाळेत आमची शिक्षण परिषद होती आणि माझी एसटी चुकली. तात्या माल घेऊन नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला निघालेच होते. म्हणाले, ''बाई, बसा की पुढं, सोडतो तुम्हाला.'' मागे पन्नास क्रेट. एका क्रेटमध्ये वीस किलो, म्हणजे किती झाले? हजार किलो, अख्खा एक टन!

वाटेत एक लांबच लांब चढ आहे. त्याच्या मध्यावर गाडीने दोन-तीन हिसके दिले, खोकल्यासारखा आवाज केला आणि बसलीच. तात्या उतरले, बॉनेट उघडलं आणि आत एक बटणासारखं काहीतरी अंगठ्याने भराभरा दाबायला लागले. ''हवा धरली हिनं,'' एवढंच म्हणाले. मग सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. दोन किलोमीटर गेली आणि पुन्हा ठप्प! त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा बाजार उरकत आला होता. तात्यांचे टोमॅटो मिळेल त्या भावाने गेले. माझी परिषदही अर्धी झाली होती, पण माझं काय, मला सही करायला तरी मिळाली.

आता तुम्ही विचाराल, हवा तर इंजिनाला लागतेच, मग ती धरली म्हणजे बिघडलं काय?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही अनुभवलं असेलच. हवा दाबली की तापते. डिझेलच्या इंजिनात तिला इतकं दाबतात, की ती मूळ जागेच्या विसाव्या भागात मावते आणि पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 साली असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याचंच नाव आपण पंपावर रोज घेतो!

म्हणजे इंजिनात हवा हवीच. पण डिझेल ज्या नळ्यांतून येतं, त्या नळ्यांत हवा अजिबात नको. टाकीतून डिझेल ओढून आणतो तो छोटा फीड पंप. तात्या जे बटण दाबत होते तो त्याचाच हातपंप. तिथून डिझेल फिल्टरमध्ये गाळलं जातं आणि मग मोठ्या पंपात जातं. हा मोठा पंप त्याला जबरदस्त दाब देऊन नोझलकडे ढकलतो. जुन्या इंजिनाचं नोझल उघडायलासुद्धा आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबापेक्षा दीडशे ते अडीचशे पट दाब लागतो. आता नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर काय होईल?

करूनच पाहू या. सुई नसलेल्या, नव्या कोऱ्या दोन सिरिंज घ्या. एक पाण्याने पूर्ण भरा, बुडबुडा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या ढकला. हलतो? जवळपास नाहीच. दुसरीत अर्धं पाणी, अर्धी हवा ठेवून तसंच करा. दट्ट्या मजेत आत जातो आणि सोडला की परत येतो, स्प्रिंगसारखा! पाणी किंवा डिझेल दाबलं तरी फारसं दबत नाही, हवा मात्र दबते. मोठा पंप जीव तोडून ढकलतो, बुडबुडा नुसता लहान-मोठा होत राहतो, नोझल काही उघडत नाही. इंजिन उपाशी!

(हे सगळं सिरिंजवरच करायचं हं. गाडीच्या नळ्यांना हात लावायचा नाही. नोझलचा फवारा इतका जोरदार असतो, की कातडी भेदून आत शिरतो. आजच्या नव्या पिकअपमध्ये तर दाब हजार पटीच्याही वर जातो, तिथे जाणते मिस्त्रीसुद्धा जपून असतात.)

पुढच्या आठवड्यात तात्यांनी काय काय केलं म्हणता! आधी फिल्टर बदलला. एक दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडलं. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, म्हणून ते खाली बसतं. घरी बाटलीत गोडं तेल आणि पाणी घालून बघा. चमचाभर पाणी निघालं, पण दम लागायचा तो लागायचाच. कुणी म्हणालं, टाकीचं झाकण बघा. हा सल्ला काही वेडा नव्हता. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल बुडुक बुडुक करत अडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. टाकीतही डिझेल बाहेर गेलं तर त्याच्या जागी हवा आत यायला वाट हवी, नाहीतर पंपाला ओढता येत नाही. तात्यांनी झाकण सैल करून गाडी चढावर नेली. बसलीच!

शेवटी एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ''मोठा पंप गेला. उतरवून शहरात न्यावा लागंल.'' खर्च ऐकून तात्यांनी कपाटाकडे पाहिलं. लेक दारातच उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातही बोलली नाही, म्हणून मी विचारलं, तेव्हा मला हे कळलं.

रविवारी तात्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी नुसते प्रश्न विचारले. ''गाडी सपाटीला बसती का चढाला?'' चढाला. ''टाकी भरलेली असताना, का कमी असताना?'' तात्या विचारात पडले. मग म्हणाले, ''भरलेली असली की नाही बसत. अर्ध्याखाली गेली की बसती.'' मिस्त्री हसले. मी शिक्षिका असून मला हा प्रश्न सुचला नव्हता, हे कबूल करते.

मग त्यांनी पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, कॅन इंजिनाजवळ घट्ट बांधला आणि टाकीची नळी सोडून फीड पंपाला कॅनची नळी जोडली. ''चला चढावर!'' गाडी एका दमात वर गेली, परतली, पुन्हा गेली. काय कळलं यावरून? फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल, सगळे ठणठणीत! दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधेच होता. हजारोंचा खर्च सांगितलेला पंप निर्दोष सुटला.

आता टाकीची नळी पुन्हा जोडताना मिस्त्रींनी मधे पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा घातला आणि इंजिन चालू केलं. आम्ही सगळे वाकलो. डिझेलमधून बारीक बुडबुडे मुंग्यांच्या रांगेसारखे पळत होते!

पण तात्यांना पटेना. ''अहो, नळी फुटली असती तर खाली डिझेल सांडलं नसतं का?'' तुम्हालाही असंच वाटतंय ना? मग स्ट्रॉने उसाचा रस पिताना आठवा. स्ट्रॉला वर बारीक भोक असेल तर रस बाहेर सांडतो का? नाही. उलट तोंडात हवाच येते! टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी म्हणजे ती स्ट्रॉ. पंप ओढत असतो, म्हणून भेगेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकीतलं डिझेल खाली गेलं की पंपाला जास्त उंच ओढावं लागतं. चढावर गाडीचं तोंड वर होतं, म्हणजे इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच. त्यात भाराने डिझेलही जास्त लागतं. तीन गोष्टी जमल्या की भेग आपला प्रताप दाखवते.

भेग मात्र सापडेना. इंजिन बंद करून मिस्त्रींनी चेसिसखाली बॅटरी मारून पाहिली. रबरी नळी वरवर धडधाकट. तेवढ्यात चाकाशी उकिडवी बसलेली लेक म्हणाली, ''आजोबा, सगळ्या नळीवरची माती सुकी आहे, इथलीच ओली का?'' टाकीजवळच्या क्लिपपाशी बोटभर जागेवर माती काळी होऊन चिकटली होती. गाडी उभी असताना पाझरलेल्या डिझेलच्या ओलीने! मिस्त्रींनी तिथे नळी वाकवली आणि केसासारखी चीर उघडली.

हातभर नवी नळी आणि दोन क्लिपा, दोनशे रुपयांच्या आत काम. मग मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि लेकीच्या वडिलांना हातपंप मारायला लावला. आधी फेस आला, मग फसफस, मग बुडबुडे आणि शेवटी डिझेलची सलग धार. धार सलग झाल्याबरोबर स्क्रू आवळला. सेल्फ मारला, सुरू! मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, एक क्रेट टोमॅटो मात्र निवडून घेतले.

मंगळवारी पन्नास क्रेट वेळेत बाजारात पोचले. मी एसटीनेच गेले होते, चढावर मागून हॉर्न वाजवत तात्या आम्हाला ओलांडून गेले. सायकल जूनमध्ये आली, लाल रंगाची.

नळीचा तो कापलेला तुकडा मी मागून घेतला. तो आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. सरळ धरला की काहीच दिसत नाही. मधल्या सुट्टीत मुलं तो वाकवतात, चीर उघडते, सोडतात, मिटते. पहिलीतला एकजण रोज त्यातून फुंकर मारून हवा कुठून निसटते ते गालावर घेऊन बघतो.