तवे, वरंबा आणि घसारा

बँकेच्या हिशेबात यंत्राचे मरण आधीच ठरलेले असते. ट्रॅक्टर दारात आला, की दरसाल घसारा लागतो आणि काही वर्षांनी तारणाच्या रकान्यात त्याची किंमत भंगाराला येऊन टेकते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँका खेड्यापाड्यांत पोचल्या. मी नोकरीला लागलो तोवर ट्रॅक्टरकर्ज हे ग्रामीण शाखेचे रोजचे काम झाले होते. अशी कितीतरी प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. हप्ते फिटले, की फाइल बंद व्हायची. पुढे त्या यंत्राचे काय होते, हे विचारण्याचा रकाना कोणत्याही फॉर्मात नव्हता.

ते मला कळले आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या मामेभावाच्या गोठ्यात. गोठ्यात बैल उरलेले नाहीत. तिथे उभा आहे जुना स्वराज ७२४. दोन सिलिंडरचा, पंचवीस-सव्वीस अश्वशक्तीचा. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत या देशी ट्रॅक्टरची मूळ आखणी झाली आणि १९७४ साली मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सने तो बाजारात आणला. पुढे ती कंपनी महिंद्राकडे गेली. मामांनी घेतलेला हा ट्रॅक्टर मात्र जागचा हलला नाही. पोरांचे म्हणणे, भंगारात घाला आणि कर्ज काढून नवा घ्या. भाऊ म्हणाला, "दादा, चार एकरांत मी नवा हप्ता कुठून काढू?"

त्याची खरी अडचण होती बटाट्याची भर. बटाटा मुळाला लागत नाही. तो लागतो जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाच्या फांद्यांना. लागवडीनंतर महिनाभराने दोन्ही बाजूंनी माती चढवली, तर तो झाकलेला राहतो. उघडा पडला, की उन्हाने हिरवा होतो, कडवट लागतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि बटाट्यावरच्या पतंगाला अंडी घालायला जागा मिळते. पूर्वी हे काम बैलांच्या औताने आणि खोऱ्याने व्हायचे. आता बैल नाहीत, आणि भरीच्या त्या आठवड्यात साऱ्या गावालाच माणसे हवी असतात.

गावच्या मिस्त्रीने तोड काढली ती तव्यांची. फाळाचा रिजर जमीन ओढत जातो, दगडाला अडतो. तवा फिरत फिरत दगडावरून चढून जातो आणि लहान इंजिनाला झेपतो. जुन्या कुळवाचे झिजून सोळा इंचांवर आलेले चार तवे त्याने घेतले. कुळवात सगळे तवे एकाच दांड्यावर फिरतात. इथे प्रत्येकाला आपला कोन हवा, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र हब आला आणि बाजूचा रेटा सोसणारे निमुळत्या रोलरचे बेअरिंगही. हे सारे त्याने मोडक्या कल्टिव्हेटरच्या चौकटीवर क्लॅम्पने आवळले. वेल्डिंग मुद्दाम केले नाही. म्हणाला, "साहेब, जोडलेलं हलत नाही आन् न हलणारं शेतात चालत नाही."

खरी कसोटी पुढे होती. ओळीत अंतर दोन फूट, तेव्हा दोन ओळी पोटाखाली घेऊन चाके दोन्हीकडच्या सऱ्यांतून जायची, तर चाकांच्या मध्यांतले अंतर चार फूट हवे. मागच्या चाकांच्या रिमा उलटसुलट बसवून ते साधले, आणि पुढची चाकेही त्याच मापात आणली. टायर एक फुटाचा. म्हणजे रोपाला दोन्ही अंगांनी जेमतेम सहा-सहा इंच मोकळे. बाहेरचे दोन तवे आत माती टाकणारे. मधले दोन पाठीला पाठ लावून बाहेर टाकणारे. ओळीच्या दोन्ही बाजूंचे तवे पुढे रुंद आणि मागे अरुंद, नरसाळ्यासारखे. कोन वाढवला तर माती जास्त चढते, पण इंजिन दमते. डाव्या-उजव्या कोनात फरक पडला तर अवजार एका अंगाला सरकते. वेग वाढला की माती रोपाच्या डोक्यावरच पडते. म्हणून हलका गिअर, टॉपलिंक लांब-आखूड करून चौकट सपाट, लिफ्टच्या साखळ्या ताणलेल्या. वीस पावले चालवायचे, थांबायचे, उतरून काठीने वरंबा मोजायचा, पाना फिरवायचा आणि पुन्हा वीस पावले.

त्यातही वाफसा हवा. ओली माती तव्याला चिकटते, कोरडीची ढेकळे पडतात. पावसाळ्यात वाफशाचे दिवस हातावर मोजण्याइतके.

भावाच्या दोन तुकड्यांपैकी एकात लागवड दोरी धरून केलेली होती. तिथे वरंबे असे उठले, की बांधावरची पोरे गप्प झाली. दुसरा तुकडा नजरेच्या अंदाजाने लावलेला. कुठे दीड फूट, कुठे सव्वादोन. तिथे चाक चौथ्याच ओळीला रोपांवर चढू लागले. भावाने ट्रॅक्टर बांधाला लावला आणि खोरे उचलले.

भर महिन्याने लागते, पण ती लागणार की नाही हे लागवडीच्या दिवशीच ठरते. लोखंड कापता येते, रिम उलटवता येतो, कोन बदलता येतो. वाकडी लावलेली ओळ काही केल्या सरळ होत नाही. जुन्या यंत्राला आपल्या कामाचे करायचे, तर थोडे आपणही त्याच्या मापाचे व्हावे लागते. नव्या, मोठ्या ट्रॅक्टरलाही ती वाकडी ओळ नडलीच असती, आणि वर हप्ता चालू राहिला असता.

पुढच्या हंगामासाठी मिस्त्रीने भावाला दोन फुटांवर खुणा पाडणारा लाकडी दंताळा करून दिला आहे. ट्रॅक्टर भंगारात घालायचे तूर्त थांबले आहे. हिशेबात त्याची किंमत शून्यच आहे. पण त्या शून्याने यंदा एक तुकडा माणसांवाचून वेळेत भरला, आणि एका घराचा नवा कर्जाचा अर्ज कोराच राहिला.