वेबकॅम घ्यायला जाताना लॅपटॉप सोबत न्या

ताईंनो, आता बँकेची चर्चा असो की प्रशिक्षण, बरंच काही व्हिडिओवर होतं. ग्रामसंघाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकलेलं असेल आणि त्याचा कॅमेरा बिघडला असेल, तर बाहेरून जोडायचा वेबकॅम घ्यावा लागतो. पैसे गटाचे असतात, म्हणून निवड जपून करायची.

लिनक्स म्हणजे विंडोजचं काम करणारी, पण फुकट मिळणारी प्रणाली. आपल्या सी-डॅक संस्थेनेही भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाचं लिनक्स तयार केलं आहे. दुकानदार मात्र बहुतेक वेळा विंडोज धरूनच माल दाखवतो. म्हणून लिनक्स आहे हे आधीच सांगा.

चालणारा कॅमेरा ओळखायचा कसा? खोक्यावर इंग्रजीत ‘यूव्हीसी’ ही तीन अक्षरं शोधा. यूएसबी कॅमेऱ्याने कॉम्प्युटरला चित्र कसं पाठवायचं, याचा हा ठरलेला नियम आहे. तो पाळणाऱ्या कॅमेऱ्यांची सोय २००८ पासून लिनक्समध्येच आहे. वायर जोडली की काम सुरू. अक्षरं दिसली नाहीत, तर “वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतो का?” असं विचारा. सीडीवरून ड्रायव्हर टाकावा लागतो म्हणाले, तर तो कॅमेरा नको.

पुण्यात तापकीर गल्लीत खरेदीला जाणार असाल, तर लॅपटॉप चार्ज करून सोबत न्या. पैसे देण्याआधी काउंटरवरच तीन गोष्टी बघा:

१. कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडा. चेहरा दिसतो का?
२. थोडं बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. काही स्वस्त वेबकॅमला माइक नसतोच.
३. वायर काढून पुन्हा लावा. चित्र परत येतं का?

लाजू नका. साडीसुद्धा आपण उलगडून बघूनच घेतो ना!

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. मीटिंगसाठी ७२० पी पुरे. त्यापेक्षा खोलीतला उजेड महत्त्वाचा, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसा.

आणि खरेदीआधी आपल्या फोनकडेही बघा. अँड्रॉइड १४ पासून काही फोन वायरने जोडले की वेबकॅम म्हणून चालतात. वायर लावल्यावर यूएसबीच्या पर्यायांत ‘वेबकॅम’ दिसला, तर खर्चच वाचला.

घेतलाच, तर पक्की पावती घ्या, बदलून देण्याची मुदत तिच्यावर लिहून घ्या आणि पावती गटाच्या फाइलला लावा.