कोष्टक, विधाने आणि गृहीत : एका कोड्याच्या निमित्ताने

‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात एक कोडे प्रसिद्ध झाले. पाच रंगांची पाच घरे. त्यांत पाच देशांचे रहिवासी. प्रत्येकाचा पाळीव प्राणी, पेय व सिगारेट निराळी. पंधरा विधाने, आणि अखेरीस प्रश्न : पाणी कोण पितो? झेब्रा कोणाचा? हे कोडे आइन्स्टाइनने बालपणी रचले अशी एक आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. शिवाय कोड्यातील ‘कूल’ सिगारेट बाजारात आली तीच मुळी १९३३ साली.

पाच गुणांची मांडणी प्रत्येकी १२० प्रकारांनी संभवत असल्यामुळे एकूण शक्यता २४,८८,३२,००,००० भरतात. म्हणून घरांच्या पाच ओळी व गुणांचे पाच रकाने असे कोष्टक आखावयाचे. ‘मधल्या घरात दूध पितात’ हे विधान थेट ओळीत भरता येते. ‘इंग्रज तांबड्या घरात राहतो’ ही मात्र नुसती जोडी. ओळ ठरेपर्यंत ती बाजूस ठेवावी लागते. परंतु बाजूस ठेवलेली जोडीही निषेधाचे काम करीत असते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही.

पहिले घर नॉर्वेजियनाचे, व त्याच्या शेजारचे, म्हणजे दुसरे, निळे. मग पहिल्याचा रंग कोणता? तांबडा नव्हे, कारण तेथे इंग्रज नाही. हिरवे घर हस्तिदंती घराच्या लगत उजवीकडे आहे. पहिल्याच्या डावीकडे घरच नाही, म्हणून ते हिरवे नव्हे. उजवीकडचे निळे, म्हणून ते हस्तिदंतीही नव्हे. उरला पिवळा. पिवळ्या घरात ‘कूल’ ओढतात आणि त्याच्या शेजारी घोडा आहे. तेव्हा घोडा दुसऱ्या घरात.

आता पेये. चहा युक्रेनियनाचा, कॉफी हिरव्या घरातली, दूध मधल्या घरातले, संत्र्याचा रस ‘लकी स्ट्राइक’ ओढणाऱ्याचा. नॉर्वेजियनास चारही वर्ज्य ठरतात, आणि आपण निःशंकपणे ‘पाणी’ लिहितो. वस्तुतः पंधरांपैकी एकाही विधानात पाण्याचा उल्लेख नाही, झेब्र्याचाही नाही. विधानांनी सिद्ध होते ते एवढेच, की ही चार पेये त्याची नव्हेत. पाचवे पेय पाणी, हे केवळ प्रश्नाच्या शब्दांवरून गृहीत धरलेले असते. जुन्या दप्तरांची कोष्टके करणाऱ्या संशोधकास असा प्रश्नकर्ता लाभत नाही. कोऱ्या रकान्यातून चार नावे बाद करता येतील; पण खरे नाव आपल्या यादीत आहेच, अशी हमी कागद देत नाही.

कोड्यापुरते उत्तर असे की झेब्रा पाचव्या, हिरव्या घरातील जपानी गृहस्थाचा.