शेकरूची शेपटी आणि माझं लोकेशन

‘काशीदला चाललोय’ म्हटलं की घरून एकच वाक्य येतं, ‘पाण्यात जाऊ नका.’ आम्ही खरंच जाणार नव्हतो. गेटवेवरून मांडव्याची बोट, अलिबागहून मुरुडची एसटी, काशीदला मुक्काम आणि पहाटे उठून थेट फणसाडचं जंगल असा आमचा प्लॅन होता. किनाऱ्यावर लोळणाऱ्या पब्लिकपैकी कितीजणांना पाठीमागच्या डोंगरात अभयारण्य आहे हे माहीत असतं, देव जाणे. एकेकाळी हे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. नवाबाच्या बंदुका गेल्या, आता आमच्यासारखे कॅमेरेवाले येतात.

चौघांत मिळून एक डीएसएलआर, तोही मावसभावाचा. बाकी फोन. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, त्यामुळे मुरुडजवळचा गारंबीचा धबधबा अजून बऱ्यापैकी वाहत होता. आदल्या दिवशी दुपारी तिथे गेलो आणि पोपट झाला. पाणी दुधासारखं मऊ दिसायला हवं असेल तर शटर अर्धा सेकंद तरी उघडं ठेवावं लागतं, आणि भर उन्हात तसं केलं की फोटो पांढराफटक. एनडी फिल्टर नावाची काळी काच लावली की हे टळतं, पण ती कोणाकडे होती? मग सूर्य डोंगराआड जाईपर्यंत थांबलो. ट्रायपॉड नव्हता, म्हणून सॅक दगडावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा आणि दोन सेकंदांचा टायमर. चाळीसातला एक फोटो जमला. आमच्यातल्या एकाला कड्याच्या टोकावरून ‘वरचा अँगल’ हवा होता. 2024 च्या जुलैमध्ये याच जिल्ह्यात, माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी रील करताना एक मुलगी दरीत पडून गेली, ते आठवलं आणि आम्ही त्याला अक्षरशः शर्टाला धरून मागे ओढलं. अँगल राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळं उलट. धबधब्याला सावकाश शटर लागतं, शेकरूला वेगवान. हा आपला राज्यप्राणी म्हणजे मांजराएवढी, विटकरी रंगाची खार. सहा-सहा मीटरच्या उड्या मारत एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जाते, जमिनीवर क्वचितच उतरते. जंगलात उजेड कमी, प्राणी सतत हलणारा आणि मागे पांढरं आभाळ. शटर 1/800 च्या आसपास, आयएसओ 3200 पर्यंत वर आणि एक्स्पोजर एक पायरी जास्त. एवढं करूनही माझ्याकडे शेपट्यांचे अकरा फोटो आहेत. फक्त शेपट्यांचे.

सुपेगावच्या गेटवरून सोबत घेतलेले गाइडदादा मात्र कॅमेऱ्याकडे बघतही नव्हते. ते कानाने शोधत होते. पाणवठ्याला इथे ‘गाण’ म्हणतात हे त्यांच्याकडूनच कळलं. हातभर लांब शेंगा लोंबणाऱ्या गारंबीच्या वेली त्यांनी दाखवल्या. एका मित्राने फोनवर पक्ष्याची शीळ लावायला घेतली, तर त्यांनी हलकेच हात धरला. ‘नको. त्याला वाटतं दुसरा नर आलाय. पिल्लं सोडून भांडायला येतो तो.’

मग ते झाड आलं.

मला ते लगेच ओळखता आलं. जानेवारीत मी इथेच शेकरूच्या घरट्याचा फोटो काढला होता, माझ्या अकाउंटवरचा सगळ्यात जास्त चाललेला. ‘कुठे आहे हे?’ असे मेसेज आले तेव्हा मी मोठ्या उदारपणे लोकेशन पिन पाठवली होती. सोबत ‘पायवाटेवरून दिसतं, चुकणार नाही’ वगैरे.

वर घरट्याच्या जागी थोड्या काटक्या अडकलेल्या होत्या. ‘इथे नसतं आता काही,’ दादा म्हणाले. ‘मधे पोरं यायची, थेट याच झाडाखाली. आत असेल तर बाहेर यावं म्हणून दगड मारायची. कुठूनतरी पत्ता कळला होता त्यांना.’ एक शेकरू बरीच घरटी बांधते, तेव्हा ती दुसरीकडे गेली असेल, असंही ते म्हणाले. बहुतेक माझा चेहरा बघून.

मी तिथे काही बोललो नाही. मित्रांना पिनबद्दल माहीत होतं, तेही गप्प राहिले, आणि ते जास्त लागलं. ती पोरं माझीच पिन बघून आली होती का, हे मला कधीच कळणार नाही. पण ती मी सत्तावीस जणांना पाठवली होती. परत येताना एसटीत मोजलं.

गेटवर पैसे देताना मात्र सांगून टाकलं. ‘दादा, तो पत्ता कदाचित मीच दिला होता.’ ओरडतील असं वाटलं. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या. ‘पोस्ट काढलीत का?’

‘आत्ता काढतो.’

‘रेंज नाही इथे. नांदगावला येईल,’ ते म्हणाले. ‘आणि बुद्धपौर्णिमेला प्राणिगणना असते, तेव्हा या. रात्रभर मचाणावर बसायचं. फ्लॅश नाही, फोन बंद.’

नांदगावला रेंज आली. पोस्ट काढली आणि त्या सत्तावीस जणांना एकेक करून मेसेज टाकायला बसलो. नऊ जणांनी अजून उघडलेला नाही.